हरकत नाही असे समजून

७ मार्च

छोटे,

पत्राच्या वर आशीर्वाद लिहायचा असतो. आज माझ्या हातून तो उमटत नाही, तेव्हा सरळ मुद्द्यावर येते.

फोन करत नाही, कारण फोनवर तू रडायला लागतेस आणि मग मला बोलता येत नाही. मला या वेळी बोलायचं आहे. शिवाय डोंगराच्या या बाजूला फोन लागतो कुठे? जो लागायचा तो आमच्याच जाळ्यावरून, आणि जाळं जानेवारीपासून बंद आहे.

मोठ्या कंपनीशी आम्ही विलीनीकरणाचा करार केला, हे एव्हाना तुझ्या कानावर आलं असेल. ठरलं होतं ते असं: ते खिंडीतून नवी केबल टाकणार, केबल चालू झाली की दोन्ही कंपन्या एक होणार, आणि आमची सगळी माणसं कामावर राहणार. केबलचं एक भेंडोळंही अजून आलेलं नाही. आली ती त्यांची दोन माणसं. गळ्यात ओळखपत्रं आणि जिभेवर साखर. 'देखभाल करायची आहे' म्हणून त्यांनी सर्व्हरचं कपाट बंद केलं, मुख्य राउटर काढला, गाडीत घातला आणि चालते झाले. तुझे भावोजी तेव्हा टॉवरवर होते. ते खाली उतरेपर्यंत गाडी वळणापलीकडे गेली होती.

तेव्हापासून अख्ख्या गावात नेट नाही. आरोग्य केंद्राची नर्स तपासण्यांचे अहवाल पेन ड्राइव्हवर घालून बसच्या ड्रायव्हरच्या हातात देते. आम्ही रोज कंपनीला विचारतो, ते रोज 'लवकरच' म्हणतात. आम्ही स्वतःच इकडून तिकडून जमवून दुसरा राउटर आणला, तर तो चालेना. का चालेना ते काल कळलं. खालच्या शहरातला माझा जुना सहकारी वर आला होता. तो म्हणाला, तुमचे पत्ते तर भलत्याच ठिकाणी चालू आहेत.

आमचे इंटरनेटचे पत्ते, छोटे. ज्यांच्याशिवाय घराघरातल्या यंत्रांना नंबर मिळत नाही, आणि नंबर नसला की बाहेरच्या जगाच्या लेखी ते यंत्रच नाही. आम्ही मागितले तेव्हा ते मागेल त्याला मिळत होते. आता ते जगात संपलेत, म्हणून तर या लोकांना आम्ही इतके आवडलो. केबल, टॉवर, माणसं, गाव, काही नको होतं त्यांना. फक्त नंबर हवे होते.

आणि कोणते पत्ते कोणाच्या नावावर, ही नोंद कोण ठेवतं? तुझं कार्यालय. विलीनीकरणात पत्ते एकाकडून दुसऱ्याकडे कसे न्यायचे, तो नियम कोणी लिहिला? तू. तुझ्या नाकाखालून माझे पत्ते गेले आणि तू मला एक चिठ्ठी पाठवली नाहीस. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे.

माझी हरकत आहे. मला माझे पत्ते परत हवेत. खाली पूर्ण सही करते आणि कंपनीचा शिक्काही मारते, म्हणजे बहिणीचं रडगाणं म्हणून हे बाजूला सारता येणार नाही.

ताई


१४ मार्च

ती. ताईस नमस्कार.

पत्र मिळालं. पत्त्यांची धारक कंपनी माझ्या सख्ख्या बहिणीची असल्यामुळे या प्रकरणातून मी पहिल्याच दिवशी लेखी कळवून बाजूला झाले आहे. प्रकरण दुसऱ्या सहकाऱ्याने हाताळलं.

प्रकरणातल्या पक्षाकडून मला काहीही लेखी आलं, तर ते आवक विभागात जमा करावं लागतं. तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी मी जमा केलं. त्यावर तारखेचा शिक्का पडला आहे.

यापुढे मला काही सांगता येणार नाही. कृपा करून विचारूही नकोस. भावोजींना नमस्कार सांग. त्यांनी गुडघ्याला जपावं.

छोटी


२१ मार्च

छोटे,

माझं पत्र जमा केलंस?

मी तुला लिहिलं होतं. तुझ्या साहेबांना, शिपायांना आणि शिक्के मारणाऱ्यांना नव्हतं लिहिलं. तुझं ते पत्र मी तुझ्या भावोजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, चुकून दुसऱ्याच कोणाचं आलं असेल. इतक्या वर्षांत त्या माणसाने केलेला हा पहिला विनोद आणि तोही मला हसू न येणारा.

लहानपणी तू भिंत रंगवायचीस आणि मार मी खायचे. आई विचारायची तेव्हा तू अशीच हात मागे घेऊन उभी राहायचीस, जणू तुझा त्या घराशी काही संबंधच नाही. आता त्याला कार्यालयीन भाषेत 'बाजूला होणे' म्हणतात, एवढाच फरक.

मला एवढंच सांग. कोणाला न विचारता दुसऱ्याची वस्तू तिसऱ्याला देता येते का? तुमच्या नियमात आम्हाला विचारायची काही सोय आहे की नाही? असेल, तर कोणाला विचारलंत?

हे पत्रही जमा करणार असशीलच. तेव्हा ज्या कोणा साहेबांच्या हाती हे पडेल त्यांना माझा नमस्कार. साहेब, माझी बहीण फार प्रामाणिक आहे. तिच्या प्रामाणिकपणापायी एक गाव बंद पडलं, हेही तिच्या सेवापुस्तकात लिहून ठेवा.

ताई


२९ मार्च

ताई,

आता माझंही ऐक. हेही पत्र मी कार्यालयाला दाखवूनच टाकणार आहे, तेव्हा जाहीर माहितीपलीकडे त्यात काही नसेल. पण राग माझा स्वतःचा आहे, तो काही गोपनीय नाही.

विचारायची सोय आहे. तो नियम मीच लिहिला आणि का लिहिला ते तुला माहीत आहे. बुडालेल्या, गाशा गुंडाळलेल्या कंपन्यांच्या नावावर पत्ते वर्षानुवर्षं पडून असायचे. ज्यांनी त्यांचं जाळं विकत घेतलं ते दारात उभे आणि जुन्या मालकाचा पत्ता नाही. म्हणून असं ठरलं: जुन्या धारकाच्या नोंदलेल्या मेलवर नोटीस पाठवायची, नोंदलेल्या फोनवर कळवायचं. महिन्यात हरकत आली नाही, तर हरकत नाही असे समजून पुढे जायचं. तुमच्याही कंपनीचा नोंदलेला मेल आहे, फोन आहे. नोटीस तिथेच गेली. फोन लागला नाही आणि उत्तर आलं नाही.

तू गप्प होतीस, ताई. मला वाटलं तुला मान्य आहे. दुसरं काय वाटणार? तू विलीनीकरणाच्या करारावर सही केलीस हेच मुळी मला सहकाऱ्याच्या टेबलावरच्या कागदावरून कळलं. मी याच कामात केस पिकवलेत. देशोदेशीचे लोक मला विचारतात, विलीनीकरणात पत्त्यांचं काय करावं. आणि माझी सख्खी बहीण स्वतःची कंपनी दुसऱ्याच्या घशात घालते आणि मला एका शब्दाने विचारत नाही. त्या दिवशी मी जेवले नाही. त्याच दिवशी बाजूला झाल्याचा कागद लिहून दिला.

तुला मी परकी वाटले असेन तर ती सुरुवात माझ्याकडून झालेली नाही.

छोटी


३ एप्रिल

छोटे,

नोंदलेल्या मेलवर.

अगं शहाणे, आमची मेलपेटी त्या सर्व्हरवर आहे, तो सर्व्हर त्या कपाटात आहे, आणि ते कपाट जानेवारीत त्यांच्याच माणसांनी बंद केलं. ती पेटी आमच्याच पत्त्यांवर चालायची, छोट्या कंपन्यांच्या चालतात तशी. ऑफिसचा फोनही त्याच तारेवर. त्यांनी आधी आमचे कान कापले, मग तुम्ही आम्हाला हाक मारलीत, मग ते म्हणाले, बघा, ऐकू आलं तरी बोलत नाहीत. आणि तुम्ही मान डोलावलीत. सगळी शिकलीसवरलेली माणसं ना तुम्ही? पत्ते ज्याचे गेले त्याला, गेलेल्या पत्त्यावर विचारायचं, हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही?

इथे काल आमच्या ऑफिसच्या खिडकीशी माणसांची रांग होती. कोणी पैसे परत मागायला आलं नव्हतं, ते परवडलं असतं. नेट येणार की नाही एवढंच विचारायला आले होते. आरोग्य केंद्राची नर्सही रांगेत होती. एका रुग्णाचा अहवाल बसमध्ये राहिला आणि बस आगारात गेली. तो चार दिवसांनी मिळाला. मी खिडकी लावून घेतली आणि आत जाऊन तुझ्या नावाने भांडी आपटली.

आता तू विचारलंस म्हणून सांगते. करार करताना तुला का नाही सांगितलं? तुला सांगितलं असतं तर तू मला काहीतरी सल्ला दिला असतास, आणि उद्या कोणी म्हणालं असतं की नोंदणी कार्यालयातल्या बाईंनी बहिणीला आतून मदत केली. तुझ्या नोकरीला डाग लागू नये म्हणून मी तोंड शिवून बसले. तुला जेवण गेलं नाही त्या दिवशी, मला सहीच्या आधी आठ दिवस गेलं नव्हतं.

आणखी एक. तुमच्या कार्यालयाचं रजिस्टर पत्र आलं आहे. महिनाअखेरीला 'सुनावणीस उपस्थित राहावे' म्हणे. माझ्या पत्रातल्या भाषेबद्दल कानउघाडणी करायची असेल. येते. भाषा अजून शिल्लक आहे.

ताई


२ मे

छोटे,

परवाचं तुला काही कळलं असेल की नाही, मला ठाऊक नाही. तू काचेपलीकडे बसली होतीस. मी जिन्यावरून वर येताना तू मान वर केलीस आणि परत खाली घातलीस. इतक्या वर्षांनी मी तुझ्या कार्यालयात आले आणि तू पाणीसुद्धा विचारलं नाहीस. नियम असेल. असू दे.

खोलीत लांब टेबल. मध्यभागी अध्यक्षबाई, दोन्ही बाजूंना समितीची माणसं. समोर मोठ्या कंपनीचा वकील, त्याच्याजवळ इतके कागद की त्यांच्यामागे तो दिसतच नव्हता. मी कानउघाडणी ऐकायच्या तयारीने गेले होते. अध्यक्षबाईंनी माझंच पत्र उचललं आणि म्हणाल्या, धारकाची सही-शिक्क्यानिशी आलेली हरकत मुदतीत दाखल झाल्याने सुनावणी घेत आहोत. मी म्हटलं, कुठली हरकत? त्यांनी पत्रातली ओळ वाचून दाखवली. वर चौदा मार्चचा आवक शिक्का होता.

मी ते पत्र मागून घेतलं आणि माझीच सही पुन्हा वाचली.

मग वकील बोलला. फार छान बोलला, मलाही क्षणभर त्याचं पटलं. विलीनीकरण झालं आहे, नोटीस रीतसर गेली आहे, महिना उलटला आहे. मी विचारलं, नोटीस आम्हाला मिळणार कशी? तर म्हणाला, "तुमची यंत्रणाच बंद होती, त्याला आम्ही काय करणार?"

मी विचारलं, "कधीपासून बंद होती?"

तो तिरिमिरीत म्हणाला, "आम्ही अर्ज करायच्या आधीपासूनच."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. त्यांनी त्याचाच अर्ज समोर ओढला आणि त्यातली ओळ त्यालाच मोठ्याने वाचायला लावली. 'सदर जाळे अर्जदाराने ताब्यात घेतले असून ते अखंड चालू आहे.' चालू जाळ्याबरोबरच पत्ते जातात, हा तुझाच नियम ना? त्याने आपल्या तोंडाने सांगितलं की जाळं बंद होतं. त्यानंतर तो बरंच पाणी प्यायला.

निकाल काय लागेल तो लागो. मला तुला एवढंच विचारायचं आहे. तू ते पत्र जमा केलंस ते यासाठी केलंस का? आणि केलंस, तर मला एका ओळीत सांगता आलं नसतं? दीड महिना मी तुला शिव्या घालत होते, आणि तू घेत होतीस?

ताई


१० मे

ताई,

निकाल लागला. पत्ते तुमच्या कंपनीच्या नावावर परत लिहिले गेले. प्रकरण बंद झालं, त्यामुळे आता मी मोकळेपणाने लिहू शकते आणि हे पत्र कुठेही जमा होणार नाही.

नोंद बदलल्यावरही महिनाभर एक दार उघडं असतं. जुन्या धारकाची सही-शिक्क्याची लेखी हरकत आली, तर सुनावणी घ्यावीच लागते. हे मी तुला सांगितलं असतं, तर वकील पहिलं वाक्य तेच बोलला असता की कार्यालयातल्या बाईने बहिणीला शिकवलं. हरकत तिथल्या तिथे उडाली असती. मला तुला सांगायचं नव्हतं आणि मला तुझं पत्र लपवायचंही नव्हतं. मग उरलं काय? ते टपालातून आलं तसं उचलायचं आणि सगळ्यांदेखत शिक्का मारून घ्यायचा. तू त्यावर कंपनीचा शिक्का मारला नसतास, तर मी काय केलं असतं कोण जाणे. आवक विभागातल्या बाईने विचारलं, यात 'तळपायाची आग' वगैरे आहे, हे हरकत म्हणून घ्यायचं? मी म्हटलं, मला मत देता येत नाही. तिने घेतलं.

त्या दिवशी काचेपलीकडून मी मान खाली घातली, कारण वर ठेवली असती तर मी उठून आले असते.

नियम बदलायचा प्रस्ताव मी लिहिला आहे. नोटीस ज्या पत्त्यांबद्दल आहे, त्याच पत्त्यांवर चालणाऱ्या मेलवर ती पाठवून भागणार नाही. गप्प बसणं म्हणजे मान्यता असं यापुढे धरायचं नाही. तो पुढच्या बैठकीत येईल.

आता राग सोडशील?

छोटी


१९ जून

छोटे,

राग सोडू? ऐक मग.

राउटर लावला. तुझे भावोजी दुखऱ्या गुडघ्याने तीन टॉवर चढले. घराघरात दिवे लागले तसं नेट आलं. गावातली माणसं खिडकीशी येऊन हसून गेली. पहिला दिवस असा गेला की मी तुला पत्र लिहायला बसले होते, गोड पत्र. बरं झालं पुरं केलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तक्रारी. बँकेचं पान उघडत नाही. मुलांना परीक्षेचा अर्ज भरता येत नाही, 'तुम्ही संशयास्पद ठिकाणाहून आला आहात' असं येतं. नर्सने अहवाल पाठवला तर मोठ्या इस्पितळाच्या सर्व्हरने तो दारातूनच परत पाठवला. शोधल्यावर कळलं. त्या चार महिन्यांत कंपनीने आमचे पत्ते कोणाकोणाला भाड्याने दिले होते. त्या भाडेकरूंनी त्यांवरून जगभर फसवणुकीचे मेल पाठवले, लोकांची खाती लुटली. आता आमचा प्रत्येक नंबर जगातल्या सगळ्या काळ्या याद्यांवर आहे. तुम्ही मला माझं नाव परत दिलंत खरं, पण तोंडाला काळं फासून दिलंत.

काल एक बाई खिडकीशी येऊन म्हणाल्या, तुमचं नेट चोरांचं आहे असं मोबाईलवर येतं. ऐकणारी चारचौघं होती. आयुष्यात मी कोणाची पै खाल्ली नाही, छोटे.

तुमच्या कार्यालयाने एवढं लिहून द्यावं की त्या महिन्यांत हे पत्ते आमच्या हाती नव्हते. फार मागते का मी?

ताई


२८ जून

ताई,

कार्यालयाला विचारलं. नाही म्हणाले. आपली नोंद पत्ते कोणाकडे आहेत एवढंच सांगते, त्यांवरून कोणी काय केलं याबद्दल कार्यालय बोलत नाही. मी वाद घातला. साहेब म्हणाले, तुम्ही बहीण म्हणून बोलताय. मी म्हटलं, हो.

कंपनीच्या वकिलाचा निरोप मात्र आला आहे. तुम्ही पुढे तक्रार करणार नसाल, तर ते तुम्हाला दुसरे, स्वच्छ पत्ते द्यायला तयार आहेत. ताई, मन मारून सांगते, घेऊन टाक. काळ्या यादीतून नाव काढायला वर्षं जातात. यादीवाले वेगवेगळ्या देशांत बसलेत, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, कित्येक तर उत्तरही देत नाहीत. नर्सचे अहवाल उद्यापासून जायला हवेत ना?

छोटी


४ जुलै

छोटे,

पोरीला कोणी बदनाम केलं, तर पोर बदलून आणायची का?

आणि तीही बदनाम करणाऱ्याच्या घरून?

वकिलाला सांग, त्याचे स्वच्छ पत्ते त्याने स्वतःच्या भाडेकरूंना द्यावेत. तुला काही सांगायचं नसेल तर सांगू नकोस, मीच सांगते, मला तुमच्यासारखं बाजूला व्हायला येत नाही. मी सोमवारपासून एकेका यादीवाल्याला लिहायला बसते आहे. त्यांची भाषा येत नसेल तर शिकेन. ते उत्तर देणार नसतील तर पुन्हा लिहीन. तुझे भावोजी म्हणतात, इतकी चीड बरी नव्हे. चीड नसती तर मी केव्हाच खिडकी लावून घरी बसले असते.

तू मन मारून सल्ला देतेस, हे मला फार लागलं. तू असं मन मारायला कधीपासून लागलीस?

ताई


३ ऑगस्ट

ताई,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला महिना लागला. तुला वाटलं असेल, गप्प बसली. तशी नव्हते.

मी एक पत्र लिहिलं. त्यात लिहिलं की हे पत्ते अमुक काळात धारकाच्या संमतीशिवाय हलवले गेले, ते परत आले आहेत, आणि मधल्या काळातल्या कुठल्याही कृत्याशी या कंपनीचा संबंध नाही. हे हस्तांतर ज्या नियमाने झालं तो नियम मी लिहिला होता, आणि धारक माझी बहीण आहे, हेही लिहिलं. खाली स्वतःची सही केली. कार्यालयाचा कागद वापरला नाही.

कार्यालयातल्या माणसाला कोणत्याही धारकाची बाजू घेता येत नाही. म्हणून आधी राजीनामा दिला, तो मंजूर होऊन हातात आला, आणि मग पत्रं टाकली. सगळ्या यादीवाल्यांना. हसू नकोस, मला दुसऱ्या कुठल्या क्रमाने जमलं नसतं. नियमबदलाचा प्रस्ताव बैठकीत मंजूर झाला. मी तेव्हा मागच्या रांगेत, पाहुण्यांच्या खुर्चीत बसले होते.

टेबल आवरलं. पेला, पत्रं, शाल, चष्म्याचं घर, एका पिशवीत मावलं. घरी बसून काय करायचं ते अजून कळलेलं नाही.

छोटी


१० ऑगस्ट

छोटे,

राजीनामा दिलास? कोणाला विचारून? सही करून मोकळं व्हायचं आणि घरच्यांना मागाहून कळवायचं, ही खोड आपल्या दोघींनाही आहे, आणि माझ्या वेळी तू किती आकांडतांडव केलंस ते मी विसरलेले नाही. पत्र वाचून मी तुझ्या भावोजींवर ओरडले. ते म्हणाले, माझ्यावर का? समोर दुसरं कोणी नव्हतं म्हणून.

सगळ्यांत मोठ्या यादीवाल्याने काल सकाळी आपलं नाव काढलं. तुझ्या पत्राचा त्याने उल्लेख केला आहे. नर्सचा अहवाल इस्पितळात पोचला आणि डॉक्टरांचं उत्तर त्याच दिवशी आलं. ती मुद्दाम खिडकीशी येऊन सांगून गेली, आणि जाता जाता वेग अजून कमी आहे म्हणून बोलूनही गेली. ते मला बरं वाटलं. आपल्या माणसालाच कोणी असं बोलतं.

बाकीचे यादीवाले अडून बसलेत. ते सगळे एकच विचारतात: या पत्त्यांवरून उद्या काही वावगं झालं, तर तक्रार घेऊन कोणाकडे जायचं? जबाबदार माणूस कोण? नोंदीत त्यासाठी जागा असते, तुला सांगायला नको. तिथे आजवर आमची मेलपेटी होती, कपाटातली. ती मी काढून टाकली. तिच्या जागी तुझं नाव घातलं आहे, आणि तुझा फोन. आता कार्यालयाचा काही प्रश्न नाही, आणि तुला करायला काही काम नाही.

तुला विचारलेलं नाही. नोटीसही पाठवलेली नाही. हे पत्र पोचेल त्या सुमारास दोन यादीवाल्यांचे तुला फोन येतील, त्यांना उत्तर दे. आणि हरकत असेल, तर बसने वर ये आणि माझ्यासमोर उभी राहून सांग. लेखी हरकत मी घेणार नाही.

ताई